मागच्या पायरीवरचा वर्ग

२७ नोव्हेंबर २०२२

दीपमाले,

आजीचा जय भीम घे. बोलणारी मी, रुपीबाई, लिवणारा देवराव. त्यानं शिलाईची मशीन बंद ठेवली माह्यासाठी. लवकर आटपतो म्हणून सांगतलं त्याले, पण त्याले काही खरं वाटलं नाही.

तुया बापाच्या फोनवर मले तू समजत नाही, बाई. तू तिकडून ओरडते, मारोती इकडून ओरडते, साऱ्या गल्लीले समजते दीपमाला जेवली का नाही, एक मलेच समजत नाही. त्याच्यापेक्षा चिठ्ठी बरी. धावजीच्या काळी-पिवळी जीपमंधी टाकली का पांढरकवड्याले तुया जिनिंगच्या फाटकावर उतरते. तुयी आली का देवराव माह्या उजव्या कानात ओरडून वाचते.

कापूस घरात आला. भाव नाही म्हणून मारोतीनं विकला नाही. कोणीच विकला नाही. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, मागच्या खोलीत आम्ही, अन् अंगाले ही खाज. शेजारची मैनाबाई माह्या कानात ओरडून म्हणे, "रुपे, जन्मभर गादी पाह्यजे म्हणत होती ना? घे, आता खाजवत झोप."

आता मले एक सांग. दिवसा तू काट्यावर कापसाच्या गाड्या मोजते, संध्याकाळी मोबाइलात पाहून शिकते, महिन्यातून एकदा नागपूरले कॉलेजात जाऊन बसते. तिसरं वर्ष लागलं. काय शिकते, तं समाजकार्य. म्हणजे आपला सरपंच करते तेच ना? तो तं चौथी नापास आहे. तुले काहून एवढा वेळ लागून राह्यला?

रुपीबाई


८ डिसेंबर २०२२

प्रिय आजी,

जय भीम. तुझी चिठ्ठी धावजीकाकांनी फाटकावर सगळ्या गाडीवाल्यांसमोर दिली. सरपंचाचं वाक्य वाचून एकटीच हसत होते, तर मुनीम म्हणाले, "काय बाई, भाव वाढला का?"

वेळ लागतो, कारण हा कोर्स नोकरी करणाऱ्यांसाठी आहे, हळूहळू चालतो. सकाळी आठला काट्यावर बसते. संध्याकाळी खोलीवर येऊन भात लावते आणि शिटी होईपर्यंत वर्ग सुरू झालेला असतो. खोलीत आम्ही तिघी, भिंतीकडे तोंड करून बसते. परवा शिकवता शिकवता मॅडमनी माझं नाव घेतलं आणि मी डुलकीतून म्हणाले, "गाडी पुढे घ्या." अख्खा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण थोडं उशिरा.

सरपंच करतात ते हे नव्हे, आजी. माणूस अडचणीत असला की आपण सल्ले देत सुटतो. ते करायचं नाही. त्याचं ऐकायचं, आणि त्याला त्याची वाट दिसेपर्यंत सोबत राहायचं. या वर्षी मला एका माणसाबरोबर असं काम करायचं आहे आणि शेवटी वर्गासमोर ते तोंडी मांडायचं आहे. पास-नापास त्यावरच. अशा माणसाला सेवार्थी म्हणतात. त्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, त्यानं सांगितलेलं चार लोकांत जाऊ द्यायचं नाही. म्हणून तूही विचारू नकोस.

आता जमेल त्या रविवारी गावी येईन. तुरीलाही हात लावीन, बाबांना सांग.

तुझी,
दीपमाला


२ जानेवारी २०२३

दीपमाले,

नाव विचारू नको म्हणाली, मी विचारलं नाही. मी नुसतं पाह्यलं. आपली तूर बांधाच्या अलीकडं, अन् पोरगी दर रविवारी धुऱ्यापलीकडं प्रभावतीच्या तुरीत. मैनाबाईची सून अडचणीत आहे हे तुले कॉलेजानं सांगतलं का?

मले तं वाटलं होतं तू मलेच घेशील. माहे गुडघे अडचणीत आहेत, कान अडचणीत आहे, सुनेच्या हातचं वरण अडचणीत आहे. पण नाही. घरच्या बुढीले कोण विचारते.

थट्टा जाऊ दे. त्या पोरीचं बरं करून राह्यली तू. संघदीपले फवारणीचं औषध चढलं अन् तो गेला, त्याले पाच वर्षं झाली. विहारात त्याचा फोटो लागला, पुढारी येऊन हार घालून गेले. मैनाबाईचा एकुलता एक लेक. ती रोज पदरानं तो फोटो पुसते. सून मात्र तेव्हापासून मुकी. कामाले वाघीण, पण तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी मी तिले हासताना पाह्यलं, तुयासंगं, तुरीच्या पेंढ्या बांधता बांधता.

मैनाबाईनंही पाह्यलं. मले विचारते, "तुयी नात माह्या सुनेसंगं काय बोलते?" मी म्हटलं, कापसाचा भाव. ती म्हणे, "त्यात हासासारखं काय आहे?"

रुपीबाई


२४ जानेवारी २०२३

प्रिय आजी,

माझं सादरीकरण पाच फेब्रुवारीला, रविवारी दुपारी आहे. मोबाइलवरूनच करायचं. खोलीतल्या मुलींसमोर ते बोलणं बरं नाही, म्हणून गावी येऊन करणार आहे. आपल्या घरी इंटरनेटची रेंज नाही, ती विहाराच्या मागच्या पायरीवरच नीट येते. दुपारी तिथं कुणी नसतंच. तेवढा वेळ कुणी गडबड करणार नाही एवढं बघशील? मधेच आवाज आला तर मी अडखळते.

फार थकले आहे गं. गाड्या कमी आहेत, कारण कुणी कापूस विकत नाही, आणि गाड्या कमी म्हणून अर्धी माणसं काढली, म्हणून काम दुप्पट. पण हे एक पार पडलं की शेवट दिसतो.

दीपमाला


७ फेब्रुवारी २०२३

दीपमाले,

तू सोमवारी पहिल्या गाडीनं गेली. खुशीत होती. मॅडम चांगलं म्हणाल्या, असं मले हातवारे करून सांगतलं. मीही खुशीत होती. आता खाली बस अन् वाच. मारोती म्हणत होता, गावात सारे ऐकतात, मुकुटबनले जाऊन फोन करतो. मी म्हटलं, नाही, हे मी सांगतो.

तुया मॅडमनं दुपारचा वर्ग संध्याकाळी ढकलला. त्या दिवशी माघ पौर्णिमा होती, बाई. तुले काट्यावर तारीख समजते, पौर्णिमा समजत नाही. संध्याकाळी साऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून वंदनेले आल्या. तू मागच्या पायरीवर, वावराकडं तोंड करून, कानात ते बोळे घालून. तुयामागं खिडकी उघडी. तुले कोणाचा आवाज येत नव्हता, तं तुले वाटलं तुयाही आवाज कोणाले जात नाही. बोळे तुया कानात होते, दीपे. गावाच्या कानात नव्हते.

अन् पुढचं ऐक. बाया वंदना सुरू करणार होत्या. मी उठून हात केला. म्हटलं, थांबा, गप बसा, माही नात शिकून राह्यली. बाया गप बसल्या. एवढ्या गप कधी बसत नाहीत. मी केलं ते.

मले काही ऐकू आलं नाही. मले फक्त तोंडं दिसत होती. आधी साऱ्या कौतुकानं ऐकत होत्या. मंग एकेकीचं तोंड उतरत गेलं. एकीनं प्रभावतीकडं पाह्यलं, मंग दुसरीनं. मले वाटलं, माही नात इतकं दुःखाचं सांगून राह्यली का बायांच्या डोळ्याले पाणी आलं. मले अभिमान वाटला, बाई. मी मैनाबाईले कोपर मारलं, म्हटलं पाह्य, कशी बोलते. तिनं माह्याकडं पाह्यलं नाही. ती फोटोकडं पाहत होती.

प्रभावती उठून गेली. वंदना झाली नाही.

तू नाव घेतलं नाही म्हणते देवराव. श्रीमती क म्हणत होती. पण फवारणीत गेलेला नवरा अन् विहारातला फोटो म्हटल्यावर नाव कायले लागते? तो तिले पंपाच्या पट्ट्यानं मारत होता, अन् तो गेल्यापासून तिले झोप लागते, हे तिनं तुले सांगतलं होतं. आता ते साऱ्यांचं झालं. देवरावनं दुसऱ्या दिवशी माह्या कानात सांगतलं तेव्हा त्यालेही नीट ओरडता येत नव्हतं.

मैनाबाईनं तिले जा म्हटलं नाही, राह्य म्हटलं नाही. दार लावून घेतलं. प्रभावती आपल्या पोरीले घेऊन राजूरले भावाकडं गेली. घरातला कापूस तिनं एकटीनं वेचलेला, तो तिथंच आहे.

रुपीबाई


१३ फेब्रुवारी २०२३

आजी,

चिठ्ठी काट्यावरच वाचली. त्यानंतर तीन गाड्यांची वजनं चुकीची टाकली, मुनिमांनी परत घ्यायला लावली.

पहिल्या वर्षी आम्हाला सगळ्यात आधी शिकवतात ती गोपनीयता. त्या पेपरात मी वर्गात पहिली होते. आणि बघ, खोलीतल्या दोन मुलींनी ऐकू नये म्हणून गावी आले, आणि साऱ्या गावाला ऐकवून गेले. मीच तुला लिहिलं होतं, कुणी गडबड करू देऊ नकोस. तू माझंच ऐकलंस. तुझं काही चुकलं नाही.

प्रभावती वहिनी किती रविवार नुसत्या गप्प होत्या. पेंढ्या बांधायच्या, मी द्यायची, त्या घ्यायच्या. मग एकदा बोलल्या. "तुले सांगतो, कारण तू बाहेरची झाली आता," म्हणाल्या. मी बाहेरची झाले म्हणून माझ्यावर विश्वास टाकला त्यांनी.

मी हे सोडते आहे. मॅडमना अजून कळवलं नाही. काय तोंडानं माणसांच्या घरात शिरू? काटा बरा. गाडी येते, आकडा येतो, गाडी जाते. राजूरला जावं वाटतं आणि पायच उचलत नाही.

दीपमाला


२६ फेब्रुवारी २०२३

दीपमाले,

सोड. खरंच सोड. कापसाच्या गाडीले मन नसते, तिचं कोणाले सांगतलं तं ती राजूरले जात नाही. अन् आम्हालेही बरं, कोणी विचारलं नात काय शिकली तं सांगू, अर्धं समाजकार्य शिकली. गावाचं अर्धं बिघडवलं अन् थकली.

राग आला का? आला असन तं बरं झालं. तुयी चिठ्ठी देवरावनं वाचली तेव्हा त्यात नुसता थकवा होता, मले तो आवडला नाही.

इकडं बाया दोन तोंडांनी बोलतात, देवराव सांगते. कोणी म्हणते फोटो काढा, कोणी म्हणते मेलेल्या माणसाले बोलू नये. सारे फोटोवर बोलतात, प्रभावतीवर कोणी बोलत नाही. मैनाबाई दाराबाहेर येत नाही. दोनदा दार वाजवलं मी. ती आतून काही म्हणाली असन, मले कसं समजणार?

तू राजूरले जा. काय बोलाचं ते मी सांगणार नाही. तीन वर्षं तुले ऐकाचं शिकवलं ना? मंग जा अन् ऐक. शिव्या देईल त्याही ऐक.

रुपीबाई


२० मार्च २०२३

प्रिय आजी,

काल राजूरला गेले होते. कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत घर आहे, अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा काळी भुकटी. वहिनी कपडे झटकत होत्या. मी उभी राहिले. त्या झटकत राहिल्या. सगळे कपडे झाले तेव्हा म्हणाल्या, "आली."

बाकीचं लिहिणार नाही. ही चिठ्ठी देवरावकाका मोठ्यानं वाचणार हे मला आता माहीत आहे. निघताना मी वहिनींना विचारलं, घरी काय सांगू? त्यांनी विचार करून जेवढं सांगितलं तेवढंच लिहिते.

म्हणाल्या, "तुया आजीले सांग, तुयावर माहा राग आहे. तो जाईल का नाही मले माहीत नाही. तू रडली म्हणून तो जाणार नाही. जे तू बोलली ते खोटं नव्हतं. पण ते माहं होतं. मी एक दिवस सासूले सांगतलं असतं, नाहीतर मरेपर्यंत सांगतलं नसतं. ते मी ठरवणार होती."

मग म्हणाल्या, "अन् शिकणं सोडू नको. माह्या जिवावर शिकली, आता अर्धी राह्यली तं मले जास्त राग येईल."

आणि शेवटी, "भावाच्या घरी किती दिवस राहू? माहं घर तिथं आहे. पण बुढीनं स्वतः बोलावलं तरच येईन. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानं नाही. तुया तं नाहीच."

मी मधे पडू शकत नाही, आजी. पडायचंही नाही. मी मैनाआजीकडे गेले तर तिचं दार आणखीच बंद होईल.

दीपमाला


१६ एप्रिल २०२३

दीपमाले,

तुले जमत नाही, देवरावले जमत नाही, बायांले तं मी जाऊच देत नाही. राह्यली कोण? बहिरी बुढी. मी मैनाबाईचं दार वाजवणं सोडलं अन् ढकललं. कडी नव्हतीच लावलेली. एवढे दिवस साऱ्या गावानं नुसतं वाजवलं.

आत कापूस, कापसात मैनाबाई. मी शेजारी बसली. तुयासारखं काही विचारलं नाही, कारण विचारून फायदा काय? उत्तर ऐकू येत नाही. दोघी खाजवत बसलो.

मंग ती बोलाले लागली. मी कानाजवळ हात नेला तं तिनं माहा हात खाली केला. समजलं का तुले? तिले माहीत आहे मले ऐकू येत नाही. म्हणूनच बोलत होती. दिवे लागणीपर्यंत बोलली. मी मान हालवत होती, कधी हो, कधी नाही, अंदाजानं. एकदा चुकीच्या जागी हो झालं असन, ती माह्यावर डोळे वटारून पुन्हा पहिल्यापासून सांगाले लागली.

आता रोज जातो. जयंतीच्या मिरवणुकीले सारं गाव गेलं, आम्ही दोघी तिथंच. काल बोलता बोलता ती रडली. मले वाटलं होतं ती कधी रडणारच नाही. संघदीप गेला तेव्हा पुढारी अन् फोटोवाले होते, तिले रडाले जागाच भेटली नव्हती.

तू विचारशील काय बोलली. मले काय माहीत?

तुयं काय झालं? मॅडमले सांगतलं का?

रुपीबाई


२५ एप्रिल २०२३

प्रिय आजी,

तुझी चिठ्ठी मी दोनदा वाचली.

मॅडमना नागपूरला जाऊन सगळं सांगितलं. खिडकी, पौर्णिमा, वहिनींचं जाणं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "हे तू आम्हाला सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं, ठाऊक आहे ना?" मी म्हणाले, हो.

ते सादरीकरण आता धरणार नाहीत. नवा सेवार्थी, नव्यानं काम, आणखी सहा महिने. माझ्याबरोबरच्या सगळ्या यंदा पास होऊन जातील. सोडत नाही मी. पण नवा माणूस कुठून आणू? परवा इथंच एका बाईंकडे गेले. पहिलाच प्रश्न विचारताना माझा आवाज इतका खाली गेला, की त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही आजारी आहात का?"

काट्यावर गर्दी आहे. भाव आला नाही तो नाहीच, पण पावसाळा तोंडावर आला म्हणून लोक कंटाळून कापूस काढू लागलेत.

दीपमाला


८ मे २०२३

दीपमाले,

तुयी चिठ्ठी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी गावात काय झालं ते आज सांगतो. मैनाबाई दाराबाहेर आली. डोक्यावरून पदर घेऊन, पायात चपला घालून, सरळ धावजीच्या गाडीपाशी. मी विचारलं, कुठं? तिनं हातानं दाखवलं, राजूरकडं.

तिथं काय झालं ते धावजीनं पाह्यलं, कारण वसाहतीपर्यंत त्यानंच नेलं. म्हणे, बुढी अंगणात उभी राह्यली, माफी नाही, रडणं नाही. म्हणे, "घरातला कापूस काढाचा आहे. तू वेचला, तुयाशिवाय कसा विकू? चाल." प्रभावती म्हणे, "मी माही चूल वेगळी मांडीन." बुढी म्हणे, "मांड." एवढंच. गाडीत दोघींच्या मधात पोरगी बसली.

बुद्ध पौर्णिमेले दोघी विहारात आल्या. एक या भिंतीले, एक त्या भिंतीले. बायांची कुजबुज सुरू झाली तं मी उठून हात केला. आता माहा हात पाह्यला का बाया घाबरतात.

एका घरात दोन चुली आहेत. चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. धूर दुप्पट झाला.

आता थांब. मी हे सांगत होती अन् मैनाबाई येऊन देवरावच्या मशीनपाशी बसली. तुया चिठ्ठीतलं नव्या माणसाचं देवरावनं माह्या कानात ओरडलं तेव्हा तिच्या घरापर्यंत गेलं असन. ती देवरावले म्हणते, माहं लिव. तं हे पुढचं तिचं आहे.

"पोरी, मी मैनाबाई. तुयावर माहाही राग आहे, तो वेगळा. तुया आजीजवळ मी बोलली, पण तिले ऐकू येत नाही. भिंतीले सांगून जेवढं हलकं वाटते तेवढं वाटलं. आता ज्याले ऐकू येते त्याले सांगाचं आहे. संघदीप गेला तेव्हा लोकांनी मले त्याचं वय विचारलं, औषधाचं नाव विचारलं, फोटो मागतला. पोरगं कसं होतं, कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तं मी काय सांगतलं असतं, ते मलेही माहीत नाही. तू विचार. प्रभावतीले सांगतलं मी. ती म्हणे, तुमचं तुम्ही सांगा, माहं सांगू नका. तं मी माहंच सांगीन. गावात नाही. तिकडं येतो, येत्या रविवारी."

झालं तिचं. उठून गेली, चूल पेटवाची आहे म्हणे. देवराव डोळे पुसून राह्यला अन् म्हणते धूर आला.

धावजीले सांगतलं आहे, तिले समोरच्या सीटवर बसव, मागं बसली का तिले मळमळते. तू फाटकावर उभी राह्य. खोलीतल्या पोरींले त्या दिवशी बाजारात धाड. अन् ती उतरली का लगेच विचाराले लागू नको. आधी पाणी दे, मंग चहा दे. कप दोन्ही हातात धरते ती, तो खाली ठेवीपर्यंत थांब.

रुपीबाई